ताईच्या नावाची नळी

दवाखान्यात तिला सगळे डास म्हणत. हे नाव मशीनवाल्याने ठेवलं होतं. तिने भरलेल्या रक्ताच्या नळ्या ज्या मोठ्या यंत्रात तपासल्या जातात ते यंत्र तो चालवायचा. दिवसभर यंत्रापाशी एकटा बसून त्याची जीभ शिवशिवत असायची, त्यामुळे माणूस दिसलं की तो सुटायचा. "सकाळपासून एवढ्या लोकांचं रक्त पितेस, तरी अंगाला काही लागत नाही तुझ्या," असं तो तिला म्हणाला, आणि त्या दिवसापासून ती डास झाली. होतीही ती काडीच. तिने नावाला कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायलाही अंगात जोर लागतो, आणि तिला तो संध्याकाळसाठी शिल्लक ठेवावा लागायचा.

घरी ती धाकटी होती. घरात दोघीच, ती आणि ताई. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. पुढचं सगळं ताईने केलं. ताई एका धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. सकाळी जी टेबलापाशी उभी राहायची ती दिवेलागणीलाच तिथून हलायची. त्या इस्त्रीवर धाकटीचं शिक्षण झालं, रक्त तपासणीचा अभ्यासक्रम झाला, दवाखान्यातली नोकरी लागली. मधे ताईचं लग्न झालं, पण नवरा फार दिवस पुरला नाही, आणि ताई पुन्हा इस्त्रीकडे आणि धाकटीकडे आली. धाकटीचं लग्न राहून गेलं. का राहिलं असं कुणी विचारलं तर दोघी एकमेकींकडे बोट दाखवायच्या आणि हसायच्या.

आता ताईच्याने इस्त्री सोडाच, स्वयंपाकघरापर्यंत चालवत नव्हतं. वर्षानुवर्षं उभं राहून दोन्ही गुडघे गेले होते, आणि उजवा तर असा बाहेर वाकला होता की त्या पायावर भार टाकताना ती आधी डोळे मिटून घ्यायची. शिवाय ताई अंगाने भरलेली. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. खाली उतरायचं तर एका हातात कठडा, दुसऱ्या हातात धाकटी, आणि प्रत्येक वळणावर खिडकीच्या कट्ट्याला टेकून विश्रांती. शेजारीपाजारी वाटेत भेटले की म्हणायचे, थोडं वजन कमी करा हो ताई. ताई हो म्हणायची. तिला हे इतक्या जणांनी सांगितलं होतं की ती आता लोकांना ते वाक्य पुरं करायलासुद्धा मदत करायची.

"मला काही धावायचं नाहीये गं," ती धाकटीला म्हणायची. "कुणाला न विचारता खाली जायचं, चौकात जरा उभं राहायचं, आणि आपल्या पायांनी वर यायचं. बस्स."

त्यासाठी गुडघा बदलायला हवा होता. आणि गुडघा बदलायला रक्त चांगलं हवं होतं. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

हाडांचे डॉक्टर तसे भले गृहस्थ, पण एकदा समजावायला लागले की आवरायचे नाहीत. पहिल्या भेटीत त्यांनी ताईला गुडघ्याचा प्लॅस्टिकचा नमुना हातात दिला आणि म्हणाले, "पूर्वी आम्ही समजायचो, गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. वापरली, झिजली, संपलं. पण तसं नाहीये. असला गुडघा आतून धुमसत असतो. ती सूज थोडी थोडी रक्तात उतरते. साखर वाढली की सूज वाढते, चरबी वाढली की सूज वाढते, आणि अंग आतून सुजलं की साखर आवरत नाही. या तिघी एकमेकींना सामील आहेत, ताई."

"म्हणजे तुरुंगात एकीला नाही, तिघींना घालायचंय," ताई म्हणाली.

डॉक्टर हसले, पण अट सोडली नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या खाली, आणि सीआरपी, म्हणजे रक्तातल्या सुजेचा आकडा, दहाच्या खाली. दोन्ही एकाच वेळी. आकडे त्याच्यावर असताना नवा गुडघा बसवला आणि त्याच्याभोवती जंतूंनी घर केलं, तर गुडघा काढावा लागतो, कधी पाय जातो, कधी माणूस. आणि ताईचा सुजेचा आकडा एवढा वर होता की तो नुसत्या गुडघ्याने तेवढा जाणं शक्य नाही, असंही ते म्हणाले. दुसरीकडे कुठेतरी काहीतरी आहे. दात बघा, लघवी तपासा.

दोनदा ऑपरेशनची तारीख मिळाली आणि दोनदा रक्ताने ती पुढे ढकलली. पहिल्या वेळी दोन्ही आकडे चढलेले. दुसऱ्या वेळी साखर जराशी उतरली, सूज तिथेच. मग धाकटीने ताईला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. ती एक वरातच होती. खाली उतरा, रिक्षात बसा, रिक्षातून काढा, तिथल्या पायऱ्या चढा. दोन दाढा मुळापासून सडलेल्या निघाल्या. त्या काढल्या. घरी येऊन धाकटीने ताईला पलंगावर बसवलं आणि स्वतः तिथेच जमिनीवर बसली, आणि बराच वेळ तिला उठावंसं वाटेना. तिचेही गुडघे हल्ली कुरकुरत होते. दिवसभर लोकांच्या हातांवर वाकून उभं राहिल्यावर कुणाचे कुरकुरणार नाहीत, असं म्हणून तिने तो विषय संपवला होता. तिच्या अंगावर मांसच नव्हतं, मग तिला कसली साखर आणि कसली सूज.

त्यानंतर ताईने मनावर घेतलं. भात सोडला. चहातली साखर सोडली आणि मग चहाच सोडला. पलंगाच्या कडेला बसून पाय वर-खाली करायची, तोंडाने आकडे मोजायची आणि मधेच चुकायची. गोळ्या वेळेवर घ्यायची. संध्याकाळी धाकटी दमून आली आणि उभ्याउभ्या गोड चहात पाव बुडवून खायला लागली की ताई तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघायची. "या वेळी उतरेल बघ," ती म्हणायची. "मला आतून हलकं वाटतंय."

धाकटी हो म्हणायची. हे हो तिच्या तोंडात तयारच असायचं. सुई टोचताना "दुखणार नाही ना?" असं कुणी विचारलं की "नाही हो" म्हणायचं, त्यातलंच ते.

खरं सांगायचं तर तिचा विश्वास नव्हता. एक दिवस चादर बदलताना उशीमागे बिस्किटांचा पुडा सापडला होता, फोडलेला. तिने पुडा होता तिथे ठेवून दिला. पण त्या दिवसापासून ताई "हलकं वाटतंय" म्हणाली की हिच्या डोळ्यांपुढे तो पुडा यायचा. रक्त घ्यायला आलेले कितीतरी लोक "उपाशी आहे हो" म्हणायचे आणि त्यांच्या मिशीला चहा लागलेला असायचा. इतकी वर्षं ती माणसांचं खोटं हसून ऐकत आली होती. ताईचंही त्याच खात्यात गेलं.

तिसरी तारीख आली. या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रक्त पास झालं नाही तर नाव रांगेत तळाला जाईल आणि पुढच्या वर्षीच विचार होईल. पुढचं वर्ष. धाकटीने ते ऐकलं आणि ती मनातल्या मनात मोजायला लागली. ताईला आंघोळ घालणं, ताईचं धुणं, ताईला उठवणं, ताईला झोपवणं, मग पहाटे पुन्हा डास होऊन दवाखान्यात हजर होणं, हे सगळं आणखी एक वर्ष. तिचं ताईवर प्रेम होतं, त्यात तसूभर खोट नव्हती. पण ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाचं प्रेम सुटकेची वाट शोधतं. ती वाट तिच्या हातातच होती, अगदी शब्दशः, ट्रेमध्ये.

दवाखाना उघडायच्या आधीच तिने ताईला आणलं. रक्ताच्या खोलीत बसवलं, पट्टा बांधला, ताईच्या हातातून दोन नळ्या भरल्या. जांभळ्या टोपणाची साखरेसाठी, पिवळ्या टोपणाची सुजेसाठी. मग म्हणाली, "तू बाहेर बाकावर बस. मी आलेच."

ताई गेल्यावर तिने दार लोटलं. नावाच्या चिकटपट्ट्या टेबलावर पडल्या होत्या, ताईच्या नावाच्या. तिने स्वतःच्या डाव्या हाताला पट्टा गुंडाळला, एक टोक दातांत धरून ओढलं, मूठ आवळली आणि उजव्या हाताने स्वतःला सुई टोचली. रक्त घेणाऱ्यांनाच हे जमतं, आणि सराव म्हणून सगळ्यांनीच कधी ना कधी केलेलं असतं. जांभळी भरली. पिवळी भरली. हात थरथरला नाही, याचं तिला नंतर सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. ताईच्या नावाच्या पट्ट्या तिने आपल्या रक्तावर चिकटवल्या. एकाच आईचं तर रक्त आहे, असं तिने मनाला सांगितलं. नव्या गुडघ्यातल्या जंतूंचं काय, हा विचार आला नाही असं नाही. आला होता. तिने त्याला सांगितलं, भरपूर औषधं देतात आता, काही होत नाही.

ताईच्या खऱ्या नळ्या कचऱ्यात टाकायला ती गेली, पण हात पुढे होईना. भरलेली नळी तपासल्याशिवाय फेकायची नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिने पिवळी नळी छोट्या यंत्रात गरागरा फिरवून रक्तावरचं पाणी वेगळं केलं, दोन्ही नळ्या कापसात गुंडाळल्या आणि फ्रीजच्या पार मागच्या कोपऱ्यात सारून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याने तिला खूण करून बोलावलं. आज त्याच्या जिभेला खाज नव्हती.

"डास, तुझ्या ताईचे आकडे वाढलेत गं. साखर पार दहाला टेकलीय. सूज गेल्या खेपेपेक्षाही वर."

"चुकलं असेल. परत लाव."

"लावलं परत. मला वाटलंच तू म्हणशील. तेच येतंय."

ती तिथल्या स्टुलावर बसली. मशीनवाला तिला पाणी आणायला गेला. बिचाऱ्याला वाटलं, बहिणीच्या काळजीने हिच्या तोंडचं पाणी पळालं. ते रक्त कुणाचं आहे हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. अंगाला काही न लागणाऱ्या, उभ्याउभ्या गोड चहा पिऊन दिवस ढकलणाऱ्या डासाचं ते रक्त होतं. लोकांच्या हजारो नळ्या तिने भरल्या, पण स्वतःची एक नळी कधी लावावीशी वाटली नव्हती. आणि आताही तिला स्वतःची भीती वाटायच्या आधी दुसरीच भीती वाटली. ताईची तारीख गेली.

हाडांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी प्लॅस्टिकचा गुडघा काढला नाही. कागद बघितला, ताईकडे बघितलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, मी काय करू सांगा? आम्ही जीव तोडून सांगतो. तुम्ही घरी जाऊन पहिले पाढे पंचावन्न. तोंडावर थोडा ताबा ठेवायला हवा होता."

"मी काही नाही खाल्लं हो, डॉक्टर," ताई म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात."

"खरंच नाही खाल्लं." ताईने वळून धाकटीकडे बघितलं. "तू सांग ना गं यांना. तू तर बघतेस रोज."

धाकटी खुर्चीच्या मागे उभी होती. ती ताईच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. डॉक्टरांनी तिच्या त्या गप्प बसण्याचा आपल्या परीने अर्थ लावला आणि सुस्कारा टाकला. "बहिणीला कशाला खोट्यात ओढता," ते हळूच म्हणाले. कडक बोलले असते तर बरं, इतकं ते मायेने म्हणाले.

रिक्षातून उतरून दोघी जिना चढायला लागल्या. नेहमी वळणावर टेकली की ताई काहीतरी विनोद करायची. त्या दिवशी नुसती टेकली आणि श्वास घेत राहिली. घरी आल्यावर पलंगावर बसून तिने आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मीच झोपेत उठून खाते की काय गं? असं होतं का? होत असेल तर सांग मला."

त्या प्रश्नाने धाकटी आतून उसवली. एवढं मन मारून राहिलेली बाई आता स्वतःवरच संशय घ्यायला लागली होती. आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, ताई खरं बोलत असली तर?

दुसऱ्या दिवशी तिने फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातून कापसातल्या नळ्या काढल्या. त्यांना आपल्या स्वतःच्या नावाच्या पट्ट्या लावल्या आणि मशीनवाल्यापुढे ठेवल्या. "माझं जरा बघ रे. बरेच दिवस झाले."

आकडे यायला वेळ लागला. ती यंत्राला पाठ करून उभी राहिली. मशीनवाल्याची जीभ त्या दिवशी पुन्हा सुटली होती. "वा, पठ्ठे! साखर थोडी आहे बरं का, सातच्या वर, गोडधोड कमी कर. पण सूज बघ, पाच. नखशिखांत ठणठणीत! तुझ्या ताईला दाखव जरा, म्हणावं असं राहावं."

धाकटी हो म्हणाली आणि बाहेर जाऊन जिन्याखाली उभी राहून रडली.

घरी पोचली तेव्हा ऊन खिडकीतून पलंगापर्यंत आलं होतं. ताई पाय वर-खाली करत नव्हती. नुसती बसली होती. धाकटीने चपला काढल्या, ताईच्या समोर स्टूल ओढलं आणि सांगायला लागली. मधे थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती, म्हणून थांबली नाही. दार लोटल्यापासून पट्ट्यांपर्यंत, पट्ट्यांपासून यंत्रापर्यंत, सगळं. ताई ऐकत राहिली. चेहऱ्यावर काहीच नाही.

मग म्हणाली, "माझा किती आला?"

"साखर सात पॉइंट दोन. सूज पाच."

"परत सांग."

धाकटीने परत सांगितलं.

"म्हणजे मी पास झाले होते." ताईने हे भिंतीकडे बघून म्हटलं. तिचा चेहरा क्षणभर उजळला, परीक्षेचा निकाल लागल्यावर पोरीचा उजळतो तसा, आणि मग तो उजेड हळूहळू गेला. "आणि त्या डॉक्टरने मला तोंडावर ताबा ठेव म्हटलं. तू मागे उभी होतीस."

"हो."

"मी तुला सांग म्हटलं, तू बोलली नाहीस."

"हो."

"का केलंस असं?"

धाकटीने बिस्किटांच्या पुड्याचं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते कारण फार लहान वाटलं.

"अगं, तो गरगरलं तर खायला होता," ताई म्हणाली. "गोळ्यांनी कधी साखर एकदम खाली जाते, तेव्हा तोंडात टाकायला जवळ ठेवा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दोनदा खाल्लं, गरगरलं तेव्हा. मी तुला सांगितलंही होतं. तू भांडी घासत होतीस, हो म्हणालीस." तिने गुडघ्यावरची चादर सारखी केली. "लोकांना वाटतं, मी खाते. मला बघून कुणालाही तसंच वाटेल. मला त्याचं काही नव्हतं. मला वाटायचं, घरात एक जण आहे, तिला माहितीये."

धाकटीला रडू आलं, पण रडायचा हक्क आपला नाही हे कळून तिने ते गिळलं. तिने ताईचे पाय धरायला हात पुढे केला.

"गुडघ्याला धक्का लावू नकोस," ताई म्हणाली. "दुखतो."

बऱ्याच वेळाने ताईनेच ठरवलं. "उद्या मला खाली ने. तुझ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंपुढे सगळं सांग. मी शेजारी बसते."

"नोकरी जाईल, ताई."

"जाऊ दे. नवा गुडघा बसला की मी परत इस्त्रीला जाईन." असं म्हणून ती हसली, पण धाकटीकडे बघून नाही.

प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही मधे बोलल्या नाहीत. धाकटीला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

"तुझं रक्त चांगलं निघालं असतं आणि हिचं वाईट असतं तर?" त्यांनी विचारलं. "हिला आम्ही टेबलावर घेतलं असतं. आत सूज असताना. मग हिच्या पायात पू झाला असता आणि का झाला ते आम्हाला कधीच कळलं नसतं. तुला कळलं असतं. तुला बोलता आलं असतं?"

धाकटीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्यावर ते पहिल्यांदा खरं वाटलं. बहिणीच्या जिवावर बेतलं नाही ते आपल्या चांगुलपणाने नाही, तिच्या स्वतःच्या पथ्याने.

"चौकशी होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोपर्यंत तू सुई हातात धरायची नाहीस. ट्रे इथे ठेव." मग त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या बराच वेळ ऐकत होत्या. फोन ठेवून ताईला म्हणाल्या, "तुमची तारीख त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. आज पुन्हा रक्त घेऊ. आधीच्या नळीसारखंच आलं तर तारीख तीच. आणि त्यांनी सांगितलंय, तुमची माफी ते स्वतः मागणार आहेत."

"त्यांनी कशाला," ताई म्हणाली. "त्यांच्यापुढे आला तो कागद त्यांनी वाचला."

रक्ताच्या खोलीत त्या वेळी दुसऱ्या पाळीची बाई होती. अनुभवी, पण हाताने जड. ताई भिंत धरत, स्वतः चालत खुर्चीपर्यंत गेली. धाकटी दारात उभी राहिली, कारण आत यायची तिला परवानगी नव्हती. ताईच्या हाताची शीर पटकन सापडत नाही. मांसाच्या खाली दडलेली असते, आणि हाताला लागली तरी सुई जवळ आली की सरकते. त्या बाईने एकदा टोचलं. रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा टोचलं. ताईने डोळे मिटले, गुडघ्यावर भार टाकताना मिटायची तसे.

धाकटीला राहवेना. "मनगटाच्या बाजूने बघा, अंगठ्याच्या वर," ती दारातून म्हणाली. "तिथे मिळते तिची."

ताईने डोळे उघडले नाहीत. "त्यांना सापडेल तिथून घेऊ देत," ती म्हणाली.

तिसऱ्या खेपेला सापडली, दुसऱ्या हातात. जांभळी भरली, पिवळी भरली. ताईच्या दोन्ही हातांवर कापसाचे बोळे चिकटवले. त्या बाईने "झालं, उठा सावकाश" म्हटलं. ताई खुर्चीचे हात धरून उठली, पण दाराकडे आली नाही. शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आता हिचं घ्या," ती त्या बाईला म्हणाली. "दहा साखर घेऊन ही जिने चढवतेय मला."

"ताई, माझं नंतर..."

"बस म्हणते ना." पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग होता, आणि तो राग ऐकून धाकटीला इतकं बरं वाटलं की ती आज्ञाधारक पोरीसारखी आत आली. या खुर्चीत ती आजवर कधी बसली नव्हती. तिने बाही वर केली आणि मूठ आवळली. त्या बाईने पट्टा बांधला.

"आणि नळीवर नाव हिचंच लावा," ताई म्हणाली. "मी इथे बसलेय. मी बघते."